लिंबावरच्या अळ्या मारू नका

लिंबाची पानं कुरतडलेली दिसली की लोक लगेच औषध फवारतात. कृपा करून थांबा, आधी पानं नीट न्याहाळा. पाखराची शीट पडल्यासारखं काळपट-पांढरं काही दिसलं तर ती बहुधा लाइम बटरफ्लाय किंवा कॉमन मॉरमॉन या फुलपाखराची अळी असते. याच रूपामुळे पक्ष्यांची नजर तिला चुकते. आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन (2015 साली जाहीर झालं) लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतं.

मी अळी फांदीसकट घरात आणते, बरणीच्या तोंडाला मलमलीचं फडकं बांधते. रोज ताजी पानं घालायची, तळाची घाण झटकायची. कढीपत्ताही त्या आवडीनं खातात. मोठी झाल्यावर अळी हिरवीगार होते. तेव्हा तिला डिवचलं तर डोक्यामागून मऊ, दुभंगलेलं शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. मला तो वास आवडतो!

कोषासाठी एक काटकी उभी ठेवा. अळी रेशमी धाग्यानं स्वतःला तिला बांधून घेते. फुलपाखरू बाहेर आलं की पंख चुरगळलेले असतात, ते पसरायला लटकण्याइतकी मोकळी जागा हवीच. त्या वेळी गळणारं पाणी पाहून मुलं घाबरतात, पण ते रक्त नसतं.

नर्सरीतल्या रोपावर बऱ्याचदा फवारणी झालेली असते. नवी पालवी फुटेपर्यंत त्याची पानं मी अळ्यांना देत नाही.