आसूदचा चढ
आज दादाची छोटी फायबरची होडी ट्रेलरवर घालून हर्णैवरनं दापोलीला आणली, दुपारचं रणरणतं ऊन आणि आसूदच्या चढात टेम्परेचरचा काटा वर सरकायला लागला. लगेच एसी बंद, इंजिनची उष्णता खेचून घ्यायला हीटर फुल्ल, काचा खाली, गाडी दुसऱ्या गिअरला, कारण मागे ओझं असताना वरच्या गिअरात रेटली की वॉटर पंप हळू फिरतो आणि इंजिन अजूनच तापतं. वर सपाटीला बाजूला घेऊन थोडा वेळ चालूच ठेवली. काका फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण उघडायला निघाले तेव्हा ओरडलोच मी, आत प्रेशरमध्ये 100 डिग्रीच्या वरचं पाणी असू शकतं हो, झाकण फिरवलं की थेट तोंडावर! गार झाल्यावर बघितलं तर रेडिएटरच्या जाळीत वाळू नि सुकलेला चिखल गच्च, बोटानं खरवडला तर तांबडा भुगा पडला. घरी आल्यावर आधी तीच धुतली, होडी नंतर उतरवली.