अंजनेरीची गिधाडं आणि मेडिकलमधलं इंजेक्शन

नाशिककराला जटायू सांगावा लागत नाही. रावणाने पंख छाटल्यावर तो इगतपुरी तालुक्यात टाकेदला पडला, रामाने त्याच्यासाठी तिथे सगळी तीर्थं बोलावली म्हणून ते सर्वतीर्थ टाकेद, महाशिवरात्रीला यात्रा भरते, लहानपणापासून हेच ऐकत आलोय. आता त्याच यात्रेत उभं राहून कुणाला विचारा की बाबा रे, खरं गिधाड कधी बघितलंय का, तिशीच्या आतला असेल तर बहुतेक फोनमध्येच बघितलेलं असणार.

खरं तर लांब जायला नको. त्र्यंबक रोडला अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडं घरटी करतात. वर मारुतीरायाच्या दर्शनाला जाणारी पब्लिक सेल्फी काढून, मॅगी खाऊन खाली येते, पण कड्याकडे नीट बघितलं तर कातळावर पांढरे ओघळ दिसतात, ती त्यांची शिट, म्हणजे तिथे घरटं आहे किंवा बसायची नेहमीची जागा तरी आहे.

सरकारने काहीच केलं नाही असं म्हणणाऱ्यातला मी नाही. आपल्या जिल्ह्यात नांदूरमधमेश्वर १९८६ पासून अभयारण्य आहे आणि २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर ठिकाण (म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा) झालं, बोरगड २००८ मध्ये राज्यातलं पहिलं संवर्धन राखीव क्षेत्र, येवल्याकडे ममदापूरला काळविटांसाठी तसंच एक आहे, आणि अंजनेरीही २०१७ मध्ये संवर्धन राखीव झालं, साधारण पावणेसहा चौरस किलोमीटर. गिधाडांबरोबर तिथली ती छोटी कंदीलपुष्पंही त्यात आली, त्यातल्या एका जातीला तर नावच अंजनेरीवरून दिलंय. छान झालं, व्हायलाच पाहिजे होतं.

पण गिधाडं कड्यावर मेली नाहीत ना! कडा होता तसाच होता.

झालं काय, नव्वदच्या दशकात देशभर गिधाडं पटापट मरायला लागली, पांढऱ्या पाठीची तर १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत हजारातलं एखादंच उरलं. कारण कुणालाच कळेना, कुणी म्हणे रोग, कुणी म्हणे विषबाधा, आणि शेवटी २००४ मध्ये पाकिस्तानातल्या अभ्यासातून कळलं की हे डायक्लोफिनॅकमुळे होतंय, म्हणजे आपण कंबर धरली की घेतो तीच गोळी. गाई-म्हशींना ते इंजेक्शन द्यायचे, जनावर एक-दोन दिवसांत मेलं की ते औषध मांसात राहायचं, गिधाडाने खाल्लं की त्याची किडनी बंद, आतल्या अवयवांवर युरिक ॲसिडचा पांढरा थर, की संपलं. आणि यासाठी फार जनावरं लागतात असंही नाही, शंभर मढ्यांत एकात जरी औषध असलं तरी एवढी पडझड व्हायला पुरे. गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं, पिल्लू वयात यायला पाच-एक वर्षं, मग भरून निघणार कसं?

त्यात खाणं शोधत ते दिवसाला शंभर किलोमीटरच्या पुढेही जातं. म्हणजे अंजनेरीला झोपणारं गिधाड जेवायला कुणाच्या गावाला जाईल सांगता येत नाही. तुम्ही पावणेसहा चौरस किलोमीटरचं त्याचं बेडरूम सांभाळताय आणि विष स्वयंपाकघरात आहे.

म्हणून मला वाटतं गिधाड वाचवणं हे वनखात्याइतकंच, किंबहुना जास्त, औषधवाल्या खात्याचं काम आहे, आणि त्याची बातमी कधी पहिल्या पानावर येत नाही. जनावरांसाठी डायक्लोफिनॅक २००६ मध्येच बंद झालं, पण माणसांच्या औषधाच्या ३० मिलीच्या बाटल्या मेडिकलमध्ये होत्याच, त्याच गोठ्यात जायच्या. मग २०१५ मध्ये सरकारने माणसांचं इंजेक्शन ३ मिलीच्या एका डोसातच विकायचं असा नियम केला, कारण गाईला एवढ्याने काही होत नाही, पाच-सहा फोडत कोण बसणार. कंपन्या कोर्टात गेल्या, २०१७ मध्ये मद्रास हायकोर्टाने नियम कायम ठेवला. मला विचाराल तर हा एवढासा बाटलीचा नियम दहा बोर्डांपेक्षा भारी आहे.

पण एक बंद केलं की दुसरं येतं. असेक्लोफिनॅक आलं, तर ते गाईच्या शरीरात जाऊन डायक्लोफिनॅकच बनतं (म्हणजे काय बोलायचं!), ते आणि केटोप्रोफेन जनावरांसाठी बंद व्हायला २०२३ उजाडलं, निमेसुलाइड २०२४ च्या अगदी अखेरीला. पहिल्या बंदीनंतर सतरा-अठरा वर्षांनी. प्रत्येक औषध आधी बाजारात येणार, गिधाडं मरणार, मग अभ्यास, मग बंदी, हा क्रम उलटा करायला काय हरकत आहे? आधी गिधाडाला चालतं का बघा, मग लायसन द्या.

मामांचा गोठा आहे, त्यांना विचारलं, "मामा, मागे गाय बसली होती तेव्हा कोणतं इंजेक्शन दिलं हो?"

"अरे मला काय माहीत, डॉक्टर येतो, टोचतो, पैसे घेतो, गाय उठते. नाव विचारत बसू का त्याला?"

मामांचं चुकीचं नाहीच. त्यांना गाय उभी पाहिजे. पण मेलोक्सिकॅम नावाचं औषध आहे, गाईला चालतं आणि गिधाडालाही काही होत नाही, हे त्यांना आजपर्यंत कुणी सांगितलंच नव्हतं.

हरसूलजवळ खोरीपाड्याला वनखात्याने गावकऱ्यांना सोबत घेऊन गिधाडांचं रेस्टॉरंट केलंय, मेलेलं जनावर तिथे नेऊन टाकायचं, गिधाडं येऊन खातात. नाव ऐकून लोक हसतात, पण मला ही आयडिया आवडते कारण यात निदान ताटाचा विचार आहे. आणि दुसरीकडे त्याच सरकारी कागदांमध्ये अंजनेरीवर मुळेगावकडून गाडीरस्ता न्यायचा प्रस्तावही येऊन गेला, नाशिकच्या लोकांनी बोंब मारली म्हणून बरं. आता सिंहस्थाची कामं चालू आहेत, त्र्यंबक रोडला लक्ष असू द्या.

बाकी तुमच्यापैकी कुणाचा गोठा असेल किंवा कुणी जनावरांचे डॉक्टर असाल, तर त्र्यंबक, पेठ, इगतपुरीकडे सध्या दुखण्यावर नक्की काय टोचलं जातंय ते मला सांगा. मामांच्या डॉक्टरांना मी पुढच्या आठवड्यात विचारणार आहे, मामा म्हणाले तू ये, पण भांडू नको.