गुळगुळीत रस्त्याला पुन्हा पकड देताना: आमची वाटचाल

कणकवलीत आमच्या वडिलांनी रोलर भाड्याने देण्याचा व्यवसाय सुरू केला, तेव्हा मुंबई-गोवा महामार्गाचा क्रमांक 17 होता आणि रस्त्याचे काम म्हणजे खडी, डांबर आणि रोलर अशीच सर्वसाधारण समजूत होती. आज त्या महामार्गाचा क्रमांक 66 आहे, सिंधुदुर्गात तो चौपदरी आणि काँक्रीटचा झाला आहे आणि आमचे मुख्य काम नवा रस्ता बांधण्याचे राहिलेले नाही. दिसायला चांगला, खड्डे नसलेला, पण वापराने गुळगुळीत झालेला रस्ता मशीनच्या साहाय्याने पुन्हा खरखरीत करणे, हे आता आमचे काम आहे.

हे काम लोकांना समजावून सांगावे लागते, कारण खड्डा डोळ्यांना दिसतो, गुळगुळीतपणा दिसत नाही. रस्त्याच्या पृष्ठभागाला दोन प्रकारचा खरखरीतपणा लागतो. एक खडीच्या अंगचा, बोटाने घासल्यावर जाणवणारा बारीक खरखरीतपणा, जो टायरला प्रत्यक्ष धरून ठेवतो. आणि दुसरा खडी-खडीमधल्या खाचांचा, ज्यातून टायरखालचे पाणी बाजूला निघून जाते. वेग कमी असताना पहिला कामाला येतो, वेग वाढला की दुसऱ्यावाचून भागत नाही. वळणावर आणि उतारावर, जिथे प्रत्येक गाडी ब्रेक दाबते, तिथे टायर खडीला वर्षानुवर्षे पॉलिश करत राहतात. डांबर जास्त पडलेल्या ठिकाणी एप्रिल-मे महिन्यांच्या उन्हात ते वर येते आणि खाचा बुजवते. नंतर मृगाचा पहिला पाऊस पडतो, उन्हाळाभर साचलेली धूळ आणि सांडलेले ऑइल यांचा पातळ राप तयार होतो आणि त्याच वळणावर दुचाकी घसरू लागतात. वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या किनारपट्टीवर या गोष्टीकडे दुर्लक्ष करणे परवडत नाही.

आमच्या भागातील अशाच एका वळणावर दर पावसाळ्यात गावकरी स्वतः वाळू टाकत असत. त्या वळणाचे काही करता येईल का, अशी विचारणा आमच्याकडे झाली. वडिलांचा विरोध असतानाही बँकेचे कर्ज काढून आम्ही अर्धा मीटर रुंदीच्या ड्रमचे जुने मिलिंग मशीन, म्हणजे फिरत्या ड्रमने रस्त्याचा वरचा थर कापणारे मशीन, विकत घेतले. मशीन चालवता येणे आणि मशीनचे काम येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्हांला त्या वेळी उमगले नव्हते. ड्रमवर कार्बाइड या अतिशय कठीण पदार्थाच्या टोकाचे दात बसवलेले असतात. रस्ता उकरून काढण्याच्या नेहमीच्या ड्रमवर त्यांच्या ओळींमधले अंतर साधारण 15 मिलिमीटर असते. आम्ही तोच ड्रम पृष्ठभागावर फिरवला आणि रस्त्यावर इतक्या खोल रेघा उमटल्या की दुचाकीचे हँडल थरथरू लागले. असा पृष्ठभाग वरून नवा थर टाकायचा असेल तरच योग्य असतो. वाहतुकीसाठी उघडा ठेवायचा असेल तर 8 किंवा 6 मिलिमीटर अंतराचा बारीक दातांचा ड्रम लागतो, वेग कमी ठेवावा लागतो आणि कापण्याची खोली काही मिलिमीटरच्या आत राखावी लागते. तो ड्रम आणण्यासाठी पुढचा पूर्ण हंगाम गेला.

आता आमच्या वाटचालीतील सर्वांत दुःखद दिवसाबद्दल लिहिणे भाग आहे.

ड्रमचे दात झिजले की ते बदलावे लागतात आणि हे काम दिवसातून एकदा तरी निघतेच. मशीन वर उचलून, मागचे झाकण उघडून, हेल्पर खाली बसून एकेक दात काढतो. समोरची ओळ झाली की पुढची ओळ हाताशी येण्यासाठी ड्रम थोडा फिरवावा लागतो आणि खरा धोका नेमका इथे आहे. त्या दुपारी जेवणाची वेळ टळून गेली होती आणि सर्वांनाच घाई होती. ड्रम फिरवण्यासाठी ऑपरेटरने इंजिनला क्षणभर चालू करून बंद केले. तशी पद्धत आम्ही अनेक ठिकाणी पाहिली होती आणि आमच्याकडेही ती बिनदिक्कत चालत होती. हेल्परने हात बाहेर घेतला आहे असे त्याला वाटले, परंतु हातमोज्याचे टोक दाताच्या खोबणीत अडकलेले होते. दोन बोटांची पेरे गेली. तो मुलगा तेव्हा बावीस वर्षांचा होता. उपचारांचा सर्व खर्च आम्ही केला, भरपाई दिली, आजही तो आमच्याकडेच आहे आणि स्टोअर सांभाळतो. पण त्याच्या आईने आमच्या घरी येऊन, आवाज न चढवता, “मशीन बंद होता मा, मग ह्या झाला कसा?” असे विचारले, तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हते. मशीन बंद नव्हते, ते फक्त थांबलेले होते.

त्या दिवसापासून आमच्याकडे एक नियम आहे आणि त्याला अपवाद नाही. ड्रमखाली हात घालणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या खिशात मशीनची चावी असली पाहिजे. ऑपरेटरच्या किंवा सुपरवायझरच्या खिशात असलेली चालत नाही. खाली दोन माणसे असतील तर बॅटरीचा कटऑफ बंद करून त्यावर दुसऱ्याचे कुलूप लागते. उचललेले मशीन केवळ हायड्रॉलिकच्या भरवशावर ठेवले जात नाही, त्याखाली आधार लावल्याशिवाय कोणी वाकत नाही. ड्रम फिरवायचा झाल्यास इंजिन बंद ठेवून, क्लच सोडवून, लांब बारने हाताने फिरवला जातो. त्यात पंधरा-वीस मिनिटे जास्त जातात. दातावर लोखंडी हातोडा मारल्यास कार्बाइडचा कण उडून डोळ्यात जाऊ शकतो, म्हणून तांब्याचा हातोडा आणि गॉगल हे त्या कामाचेच भाग आहेत. साइटवर नवीन मुलगा आला की जुना हेल्पर त्याला पहिल्या दिवशी एकच प्रश्न विचारायला शिकवतो: “चावी कोणाकडे आसा?”

मशीनइतकाच धोका रस्त्यावरून येणाऱ्या गाड्यांचा असतो, विशेषतः घाटात. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या एसपी:55 या मार्गदर्शिकेत कामाच्या जागेचे पूर्वसूचनेचा भाग, गाड्या वळवण्याचा भाग, प्रत्यक्ष कामाचा भाग आणि रस्ता पूर्ववत होण्याचा भाग असे विभाग सांगितले आहेत. सपाट रस्त्यावर ते आखणे अवघड नसते. परंतु फोंडा घाटासारख्या दुपदरी रस्त्यावर एक बाजू बंद करून दुसऱ्या बाजूने आळीपाळीने गाड्या सोडताना दोन्ही टोकांचे झेंडेवाले एकमेकांना दिसतच नाहीत. सुरुवातीला आम्ही सोडलेल्या रांगेतील शेवटच्या गाडीच्या चालकाजवळ एक लाल झेंडी देत असू, ती पलीकडे पोहोचली की पलीकडचा माणूस आपली रांग सोडत असे. आता वॉकीटॉकी आहेत, तरी डोंगराच्या आड संपर्क तुटतो म्हणून ती झेंडी आम्ही टाकून दिलेली नाही. उतरणीकडचा झेंडेवाला वळण संपल्यावर उभा करायचा नाही, वळणाच्या बराच आधी उभा करायचा, कारण भरलेला ट्रक उतारावर थांबायला फार अंतर घेतो आणि रांगेचे शेवटचे वाहन वळणाआड गेले तर मागून येणाऱ्याला ते दिसत नाही. बॅरिकेड आणि मशीन यांच्यामधली मोकळी जागा मोकळीच ठेवायची असते. तिथे टँकर, दुचाकी किंवा जेवणाचे डबे ठेवण्याचा मोह होतो, पण ब्रेक निकामी झालेली गाडी शिरली तर माणसांना पळायला मिळणारे दोन-चार क्षण त्या रिकाम्या जागेमुळेच मिळतात.

मशीनच्या आवाजामुळे ऑपरेटर आणि हेल्पर कानांवर मफ लावतात, त्यामुळे हाक मारून उपयोग नसतो. दोन्ही हात डोक्यावर फुली करून धरले की ताबडतोब थांबायचे, ही खूण पाणी आणून देणाऱ्या मुलानेही केली तरी ऑपरेटरने कारण न विचारता थांबायचे असते.

काँक्रीटच्या रस्त्यांसाठी आणि पुलांसाठी आम्ही नंतर दोन मशीन घेतली. एक हिऱ्याच्या पात्यांनी सुमारे 3 मिलिमीटर रुंदीच्या खाचा पाडणारे ग्रूव्हिंग मशीन आणि दुसरे शॉट ब्लास्टिंगचे. शॉट ब्लास्टिंगमध्ये पोलादाचे बारीक छर्रे वेगाने पृष्ठभागावर आदळतात, वरचा गुळगुळीत पापुद्रा निघतो आणि छर्रे परत मशीनमध्ये ओढले जातात. या कामाला पृष्ठभाग अगदी कोरडा लागतो. किनाऱ्यालगतच्या पुलांवर पहाटेचे दव आणि खारी हवा यांमुळे छर्ऱ्यांना गंज धरून त्यांचे गोळे होतात, म्हणून ते हवाबंद डब्यांत ठेवावे लागतात आणि काम ऊन चढल्यावरच सुरू करता येते.

याच मशीनमुळे आमच्या हातून दुसरी मोठी चूक घडली. एका खाडीपुलावर मशीनच्या कडेचे रबरी सील झिजले होते आणि काही छर्रे बाहेर पडत होते. अंधार पडत आला म्हणून आम्ही झाडूने वरवर झाडून बॅरिकेड काढले. दुसऱ्या दिवशी पहाटे बंदरावरून मासळी घेऊन येणाऱ्या एका काकांची दुचाकी त्या छर्ऱ्यांवरून घसरली. सुदैवाने ते खरचटण्यावर निभावले, पण त्यांची टोपली पुलावर उपडी झालेली मी डोळ्यांनी पाहिली. गाड्या घसरू नयेत म्हणून ज्या रस्त्यावर आम्ही काम केले, त्यावर आमच्यामुळेच माणूस पडला. आता छर्ऱ्यांच्या कामानंतर चुंबकाचा झाडू दोनदा फिरतो, मिलिंगनंतर सुटी कच पूर्ण उचलली जाते आणि शेवटी सुपरवायझर स्वतःची दुचाकी त्या पट्ट्यावरून सावकाश चालवून पाहतो. त्यानंतरच बॅरिकेड निघतात.

धुळीबद्दल आमच्या भागातील लोकांना वेगळे सांगावे लागू नये. कासार्डे परिसरात सिलिका वाळूच्या खाणी आहेत. काँक्रीट कापताना उडणाऱ्या धुळीतही वाळूतील सिलिका असते आणि तिने होणारा सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार बरा होत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही. म्हणून पाण्याचा फवारा चालू असल्याशिवाय कापणी सुरू होत नाही, टँकर रिकामा झाला की मशीन थांबते आणि मास्क चेहऱ्याला घट्ट बसणारा, योग्य दर्जाचाच दिला जातो. ग्रूव्हिंगमध्ये निघणारा सिमेंटचा राडा कातडीला पोळतो आणि व्हाळात, म्हणजे ओढ्यात, गेला तर मासे मरतात. तो व्हॅक्यूमने गोळा करून टाकीत भरावा, यासाठी आम्ही दरपत्रकात वेगळी रक्कम लावतो आणि त्यावर घासाघीस करत नाही.

वर आलेले डांबर काढण्यासाठी अतिशय उच्च दाबाच्या पाण्याचे मशीन आम्ही कधीकधी भाड्याने आणतो. त्याची धार कातडीतून आत शिरली तर बाहेर टाचणी टोचल्याएवढीच खूण दिसते, परंतु आतील इजा गंभीर असते आणि तातडीने शस्त्रक्रिया करावी लागू शकते. डॉक्टरांनी ती साधी जखम समजू नये म्हणून त्या कामावरील प्रत्येकाच्या खिशात तसे लिहिलेले कार्ड असते.

काम झाले की नाही हे आम्ही वाळूने मोजतो. 25 मिलिलिटर बारीक वाळू रस्त्यावर ओतायची, रबर लावलेल्या चकतीने गोल गोल पसरवायची आणि खाचा भरून झाल्या की वर्तुळाचा व्यास मोजायचा. गुळगुळीत रस्त्यावर वाळू दूरवर पसरते, खरखरीत रस्त्यावर ती खाचांत जिरते आणि वर्तुळ लहान राहते. एका वळणावर कामापूर्वी व्यास 25 सेंटिमीटर आला होता, म्हणजे सरासरी खोली अर्धा मिलिमीटर. कामानंतर तो 18 सेंटिमीटर आला, म्हणजे जवळजवळ 1 मिलिमीटर. ते वर्तुळ लहान झालेले पाहताना बोटे गमावलेला आमचा तो मुलगा टेप धरून बसलेला होता आणि आकडा त्यानेच मोठ्याने वाचला.

या शिस्तीमुळे काही कामे हातची गेली. एका वर्षी गणपतीच्या तोंडावर, चाकरमान्यांच्या गाड्या सुरू होण्याआधी, एका ठेकेदाराने पावसाच्या दोन सरींच्या मधल्या वेळेत, रात्री, दिवे आणि झेंडेवाले न लावता एक वळण उरकून द्यायला सांगितले. आम्ही नकार दिला. त्यानंतर त्यांच्याकडून काम आले नाही आणि त्या वर्षी पगार देण्यासाठी घरचे दागिने गहाण ठेवावे लागले. वडील तेव्हा हयात होते. मशीन घेण्याला विरोध करणाऱ्या त्यांनीच ते दागिने बँकेत नेऊन दिले.

जून ते सप्टेंबर मशीन शेडमध्ये असतात. या काळात सील, होज, हॉर्न, रिव्हर्स अलार्म आणि तातडीने थांबवण्याची लाल बटणे तपासली जातात, ऑपरेटरांच्या कानांची आणि फुप्फुसांची तपासणी होते. दिवाळीच्या सुमारास कामे सुरू होतात. ग्रामपंचायत असो वा मोठा कंत्राटदार, काम घेण्यापूर्वी आम्ही रस्त्याखालील नळपाणी योजनेच्या पाइपलाइनची आणि चेंबरची माहिती, वाहतूक नियंत्रणासाठी पोलिसांची परवानगी आणि टँकर भरण्यासाठी जवळचे पाण्याचे ठिकाण एवढे मागतो. पाइपलाइनची माहिती नसेल तर आमचा माणूस गावातील नळ सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला सोबत घेऊन रस्त्यावर चुन्याने खुणा करतो आणि त्या खुणा झाल्यावरच मशीन ट्रेलरवरून खाली उतरते.