सोनेगाव: मध्यरात्रीच्या टपालाचा माग

डिसेंबरात नागपूरला गेले, तेव्हा मामांनी पहिलाच प्रश्न केला, "सोनेगावलाच उतरलीस नं? आमच्या कितीक रात्री तिथं गेल्या." मामा आर.एम.एस.मध्ये, म्हणजे टपाल खात्याच्या रेल्वे डाक सेवेत होते. २००५ साली विमानतळाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव मिळालं, पण जुन्या नागपूरकरांच्या तोंडी तो अजून सोनेगावच आहे. मी उतरले होते खरी, पण लगेच टॅक्सी धरून बाहेरही पडले होते. मामांचं ऐकल्यावर दुसरा अख्खा दिवस त्या जुन्या टपालाचा माग काढायला ठेवला.

जानेवारी १९४९ पासून ऑक्टोबर १९७३ पर्यंत रोज रात्री मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून टपालाची विमानं निघून मध्यरात्रीच्या सुमारास इथे एकत्र यायची. सुरुवातीला ती डकोटा जातीची होती. प्रत्येकाच्या पोटात उरलेल्या तिन्ही शहरांच्या थैल्या. त्यांची इथे अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत विमानं परतायची. संध्याकाळी मुंबईत टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात पोचायचं ते या गावाच्या जोरावर. १ एप्रिल १९४९ पासून तर देशातली साधी पत्रंही जादा शुल्काशिवाय विमानानं जाऊ लागली. मामा सांगतात, "चौथं विमान उतरेपर्यंत कोणी चहाला हलत नसे. एकाला उशीर झाला की चारी शहरांची डाक अडकली." ही व्यवस्था मला फार थोर वाटते, आणि तिची खूण सांगणारी एकही पाटी मला दिसली नाही याचं वाईट वाटलं. शाळेच्या पुस्तकात असायला हवी अशी ही गोष्ट आहे.

आता कसं फिरायचं ते. सुरुवात झिरो माइलपासून करा. चार घोडे आणि दगडी खांब पाहिल्यावर नकाशातली नागपूरची जागा मनात बसते, मग चार विमानं इथेच का भेटायची हे वेगळं सांगावं लागत नाही. कस्तुरचंद पार्कजवळ तर्री-पोहे खाऊन घ्या. मग मेट्रोची ऑरेंज लाइन, खापरीच्या दिशेनं. उजव्या बाजूला बसा, विमानतळ त्याच अंगाला आहे. वर्धा रोडवर खाली रस्ता, मधे उड्डाणपूल आणि वर आपण. पण विमानतळापाशी आलं की हीच मेट्रो जमिनीवर उतरते, कारण धावपट्टीजवळ उंच बांधकाम चालत नाही. मेट्रो खाली येते ती जागा बघायला चुकवू नका.

एअरपोर्ट स्टेशनपासून टर्मिनल पायी जायला लांब आहे. सामान असेल तर रिक्षा करा, भाडं आधी ठरवा. तिकीट आणि ओळखपत्राशिवाय आत सोडत नाहीत. वायुसेनेचा वावर असल्यामुळे कुंपणाकडे कॅमेरा रोखू नका.

विमानांचं वेड असणाऱ्यांसाठी आणखी एक. १९९१ मध्ये बिघाडामुळे इथे उतरलेलं एक बोइंग ७२० पुन्हा उडालंच नाही. धावपट्टीच्या बाजूला ते चोवीस वर्षं उभं होतं, २०१५ मध्ये तिथून हलवलं. या जातीची जेमतेम १५४ विमानं बनली होती. मी मेट्रोच्या खिडकीतून डोळे ताणून पाहिलं, मला काही दिसलं नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच या. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या उन्हात यातलं काहीच जमणार नाही. परतताना सिव्हिल लाइन्समधल्या जीपीओत, म्हणजे मुख्य टपाल कचेरीत जा, मात्र रविवार टाळा. मी तिथून पन्नास पैशांचं पोस्टकार्ड मामांच्याच पत्त्यावर टाकलं. ते चौथ्या दिवशी पोचलं.