अण्णांचे टाळ

अण्णा, माझे वडील, मार्गशीर्षात गेले. तालुक्याच्या एका सरकारी कार्यालयात शिपाई होते, निवृत्तीला सहा वर्षं बाकी होती. तेराव्याची पंगत उठते ना उठते तोच भावकीत विषय निघाला, की अनुकंपावर, म्हणजे त्यांच्या माघारी घरच्याला मिळणाऱ्या नोकरीवर, कोण लागणार? नियम सगळ्यांना तोंडपाठ. घरातल्या एकालाच घेतात, गट क नाहीतर गट ड मध्ये, आणि बाकीच्या वारसांनी ना हरकत लिहून द्यायची. सगळे माझ्याकडं बघत होते. मी थोरला, वय 29. धाकटी बहीण बी.कॉम. झालेली, मराठी टायपिंगची मिनिटाला 30 शब्दांची परीक्षा पास. तिचं नाव कुणी घेतलंच नाही. एक काका तेवढं म्हणाले, "पोरीला नोकरी लागली तर ती परक्याच्या घरी जाईल." बहीण ताटं उचलत होती. तिनं ऐकलं, मीही ऐकलं, आणि गप्प बसलो.

त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते.

मी पाच वर्षं संभाजीनगरात राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होतो. राज्यसेवेची पूर्व दोनदा निघाली, मुख्य एकदाही नाही. गावात कुणी विचारलं की "यंदा होईल" म्हणायचं, हे इतकं अंगवळणी पडलं होतं की माझा त्यावर विश्वास आहे का नाही, हे तपासायचंच राहून गेलं. अनुकंपाचा अर्ज भरायचा, का आणखी एक वर्ष अभ्यास करायचा, का पैठण तालुक्यातली आमची दोन एकर मोसंबी बघायची? सहा महिने मी यावर रोज विचार केला आणि रोज तिथंच येऊन थांबलो.

अण्णा 22 वर्षं पैठणच्या एकनाथ महाराजांच्या, आमच्या नाथांच्या, पालखीत पंढरपूरला चालले. रजा साठवून ठेवायचे. यंदा आईनं त्यांचे टाळ माझ्या हातात ठेवले आणि म्हणाली, "तू जा. वारी मोडायला नको." टाळांची दोरी अंगठ्याच्या जागी काळी, गुळगुळीत झालेली. तिथं माझा अंगठा बसेना. अण्णांचा हात माझ्यापेक्षा रुंद होता.

ज्येष्ठ वद्य सप्तमीला पैठणहून निघालो. आळंदी-देहूच्या वाटेवर असते तशी लाखांची गर्दी इथं नाही. नाथांची पालखी मानाच्या सात पालख्यांपैकी एक, पण वाट खेड्यापाड्यांतून, शेताच्या बांधावरून, कुठं डांबरी तर कुठं नुसती खडी. पहिला मुक्काम चनकवाडीला. तिसऱ्या दिवशी टाचेला फोड आले. आमच्या दिंडीतल्या एका मावशीनं तेलात भिजवलेला दोरा सुईत ओवला, फोडातून आरपार काढला आणि दोरा तसाच आत ठेवला. "पाणी निथळून जाईल. कातडी सोलू नको, ती खालच्या मासाला राखती." दुसऱ्या दिवशी खरंच चालता आलं.

मिडसांगवीचं रिंगण झालं. घोडा वाऱ्यासारखा गेला आणि लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला धावले. मी नुसता उभा राहिलो. टाळ हातात होते, पण वाजवायचं सुचलं नाही. एवढ्या माणसांना काय करायचं ते कळलेलं आहे आणि मला एकट्यालाच नाही, असं वाटून गळा दाटून आला.

रायमोह्याच्या मुक्कामी रात्री कीर्तन होतं. महाराजांनी नाथांची पैची गोष्ट लावली. आमच्याकडं लहान पोरालाही ती ठाऊक असते. नाथ पोरवयात देवगिरीला त्यांचे गुरू जनार्दनस्वामींकडं गेले, तिथं हिशेब बघायचे. एका रात्री एका पैचा मेळ बसेना. दिवा जळत राहिला, नाथ वह्या चाळत राहिले, आणि पहाटे चूक सापडली तेव्हा आनंदानं टाळी वाजवली. स्वामी म्हणाले, एका पैची चूक सापडली तर एवढा आनंद, संसाराची चूक सापडली तर केवढा होईल! महाराज पुढं म्हणाले, याच माणसानं पुढं 1584 साली ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. ज्याला पैची चूक खपत नाही, त्याला माउलीच्या ओवीतली कशी खपावी? मी हे पन्नासदा ऐकलं असेल. त्या रात्री मात्र राहुटीत पडल्यावर झोप लागेना. माझ्याही हिशेबात काहीतरी चुकत होतं, पण नेमकं काय ते सापडत नव्हतं.

पुढं डोंगर चढून पाटोदा, मग दिघोळ, खर्डा. खर्ड्याच्या अलीकडं आमचे विणेकरी आबा माझ्या शेजारी चालत होते. अंबडकडचे शेतकरी, अण्णांचे जोडीदार. वीणा दुसऱ्याच्या गळ्यात दिली होती म्हणून बोलायला मोकळे होते.

"अभ्यास कशासाठी करतूस रं?"

"अण्णांची इच्छा होती, आबा."

ते बरंच अंतर काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुझा बाप माझ्याबरोबर 22 वर्षं चालला. दर साली सांगायचा, पोरगं गावाकडं आलं की बागेतच असतंय, एकेका झाडाच्या बुडाशी बसून बघतंय. मी दिसलो की उठून पुस्तक उघडतंय. मी म्हणलो, मग सांग की त्याला, बाग कर म्हणून. तर म्हणला, मी सांगितलं तर त्ये बी माझ्यासाठीच करंल. त्याचं त्याला उमगू दे."

मी टाळ गळ्यातून काढले आणि हातात धरून चालत राहिलो. अंगात घातलेले कपडेही जड वाटत होते. पाच वर्षं मी सगळा खर्च अण्णांच्या नावावर टाकत आलो होतो. मला अधिकारी व्हायचं नव्हतं. मला रिकाम्या हातानं गावात यायचं नव्हतं, एवढंच. आणि ते अण्णांना दिसत होतं.

बाग अण्णांनी लावली तेव्हा 220 झाडं होती. 2012-13च्या दुष्काळात आमच्या भागातल्या लोकांनी बागाच्या बागा तोडून सरपण केलं. अण्णांनी पगारातून टँकर घेतले, झाडागणिक मोजून पाणी दिलं. 90 झाडं जगली. ती आता थकली आहेत, त्यांच्या जागी रंगपूर लिंबाच्या खुंटावरची नवी कलमं लावायला हवीत. हे मला कुणी शिकवलं नाही. डिंक्या रोग कुठून सुरू होतो, बहारासाठी पाणी तोडून ताण किती दिवस द्यायचा, हे मी परीक्षेच्या कुठल्याही विषयापेक्षा जास्त आवडीनं वाचलं होतं. परंड्यापर्यंत माझं ठरलं.

अरणला पोचलो. सावता महाराजांचं गाव. ज्यांनी मळा सोडला नाही, भाजीपाल्यातच विठाई बघितली आणि पंढरीची वाट मळ्यातूनच धरली. समाधीला हात लावून बाहेर आलो आणि बहिणीला फोन केला. मोठ्या मनानं सांगितलं, "ताई, नोकरी तू घे. मी ना हरकत लिहून देतो."

ती गप्प. मग म्हणाली, "दादा, तू मला देऊन टाकतोस का? मला पाहिजे का, हे एकदा तरी विचारलंस? तेराव्याला काका बोलले तेव्हा गप्प होतास, आताही तुझं तूच ठरवलंस."

माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजूबाजूला टाळ-मृदंग चालू होता. मी कान झाकून विचारलं, "तुला पाहिजे का?"

"पाहिजे. क्लार्कच्या जागेला मी बसते, टायपिंग आहे माझं. आई आणि तुला सांभाळीन असं हमीपत्र मला लिहून द्यावं लागणार आहे, ते मी देईन. तू काय लिहून देतोस?"

"बाग."

"बाग माझीपण आहे. निम्मी माझ्या नावावर राहील, कष्ट तुझे. लग्न झालं तरी."

"राहील."

मग मी विचारलं, पाऊस धरायच्या आधी खोडांना बोर्डो मलम लावलं का? अण्णा दरसाल पालखीला निघण्याआधी लावायचे. दहा लिटर पाण्याला एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, जमिनीपासून तीन फुटांपर्यंत ब्रशनं. मी यंदा निघण्याच्या गडबडीत विसरलो होतो.

"चार ओळींना लावलंय मी," ती म्हणाली, "चुन्यानं हात फुटलेत. उरलेलं आल्यावर तू लाव."