रंग वाळता वाळेना

बेचाळीस दिवस! माझ्या पहिल्या तैलचित्रातला मागचा काळा पडदा बोटाला न लागण्याइतपत वाळायला एवढे दिवस लागले. या काळात मी ज्यांना ज्यांना विचारलं, त्या सगळ्यांनी एकच सांगितलं : "वाळेल, धीर धरा." धीर धरायला माझी ना नव्हतीच. पण का वाळत नाही हे कळल्याशिवाय धीर धरायचा तरी कशाच्या जोरावर? अखेर कारण सापडलं ते जेमतेम दोन वाक्यांचं. ती दोन वाक्यं पहिल्याच दिवशी कुणी सांगितली असती तर माझा एक कॅनव्हास आणि दीड महिना वाचला असता. अजून त्याची चुटपुट आहे, म्हणून हे लिहायला बसले.

सुरुवात ॲक्रिलिकपासून केली. तो टप्पा सुखाचा गेला, त्यामुळे त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पाण्यात कालवायचा रंग, पातळ थर दहा-पंधरा मिनिटांत वाळतो, चुकलं की वरून दुसरा थर. एवढंच लक्षात ठेवा की ॲक्रिलिकचा बाइंडर, म्हणजे रंगाची पूड धरून ठेवणारा चिकट पदार्थ, ओला असताना दुधी असतो आणि वाळल्यावर पारदर्शक होतो, म्हणून पॅलेटवर दिसणाऱ्या छटेपेक्षा कॅनव्हासवरची छटा थोडी गडद उतरते. मी जाड कागदाच्या पट्टीवर एक फटकारा मारून, तो वाळवून मगच चित्राला हात लावायचे. आणि ब्रश! हातातला ब्रश खाली ठेवायचा तो पाण्यातच. केसांच्या मुळाशी ॲक्रिलिक एकदा वाळलं की तो ब्रश गेला. माझा चांगला चपटा ब्रश असाच गेला.

सात महिने ॲक्रिलिक केल्यावर माझ्या हाताला एक लय आली होती. थर द्यायचा, ब्रश धुऊन यायचं, पुढचा थर द्यायचा. तीच लय घेऊन मी तैलरंगांकडे वळले.

पहिल्या तैलचित्राचा विषय साधा होता. काचेची उंच बाटली, शेजारी मातीचा लहानसा घट, खाली पांढरं कापड आणि मागे जवळजवळ काळा पडदा. पडदा निव्वळ काळा दिसू नये म्हणून आयव्हरी ब्लॅक या काळ्या रंगात भरपूर ॲलिझरिन क्रिमझन, म्हणजे गडद किरमिजी रंग, घातला. रंग मखमलीसारखा पसरावा म्हणून त्यात जवसाचं तेलही सढळ हातानं ओतलं. लावताना इतकं सुख वाटलं की काय सांगू! ॲक्रिलिकमध्ये असा रंग माझ्या हातून कधी उतरला नव्हता. शिकवणारे सर म्हणाले, "छान. आता चार-पाच दिवस वाळू द्या."

तिसऱ्या दिवशी घट वाळला होता. तो बर्न्ट अंबर या गडद तपकिरी आणि यलो ऑकर या मातकट पिवळ्या रंगात केला होता. पाचव्या दिवशी बाटलीही बऱ्यापैकी आवळली. पडदा मात्र काल लावल्यासारखा ओला. सातव्या दिवशी तोच प्रकार. दहाव्या दिवशी बोट टेकवलं तर काळपट किरमिजी ठसा बोटावर आला आणि बोटाचा ठसा चित्रावर राहिला. सरांना विचारलं. ते म्हणाले, "अहो, तेलाला वेळ लागतोच." वर्गातल्या जुन्या विद्यार्थ्यांना विचारलं, तर प्रत्येकाचा आकडा वेगळा : कुणाचा आठवडा, कुणाचा पंधरवडा, कुणाचा महिना. आता कळतं, सगळेच आपापल्या परीनं खरं सांगत होते. फक्त कुठला रंग, किती जाड, त्यात तेल किती, हे मला उलट कुणीच विचारलं नाही.

मग मी माझ्या मनानं उपाय सुरू केले आणि प्रत्येक उपायानं चित्र आणखी बिघडत गेलं. केस वाळवायच्या ड्रायरनं गरम हवा मारली. वरची साय धरली, खालचा रंग मऊच राहिला आणि जिथे थर जाड होता तिथे बारीक सुरकुत्या आल्या. ओल्या पडद्यावर धूळ चिकटायला लागली, म्हणून चित्र कपाटात ठेवून दार लावून घेतलं. ही सगळ्यात मोठी चूक. आठ दिवसांनी दार उघडलं तर पडदा तसाच ओला, वर पांढऱ्या कापडाला पिवळट झाक आलेली. त्या दिवशी खरंच रडू आलं.

त्यानंतर मी विचारणं थांबवलं आणि रंगांच्या रसायनाविषयी वाचायला लागले. तिथे ती दोन वाक्यं सापडली. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही, त्यातलं तेल हवेतला ऑक्सिजन शोषून घेतं आणि घट्ट होतं. आणि हे किती लवकर व्हायचं, ते त्या तेलात कुठलं रंगद्रव्य, म्हणजे रंगाची पूड, आहे यावर ठरतं.

बास. इतकंच.

वाळताना तैलरंगाचं वजन काही काळ चक्क वाढतं, कारण काही उडून जाण्यापेक्षा आत येणंच जास्त असतं. म्हणजे बंद कपाटात मी त्या चित्राचा श्वासच कोंडला होता. जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतं हेही तेव्हाच कळलं. त्यावरचा उपाय सोपा निघाला : चित्र खिडकीजवळ, पण थेट उन्हात येणार नाही असं ठेवलं आणि दोन-तीन आठवड्यांत कापडाचा पांढरेपणा बराचसा परत आला. म्हणून ओलं तैलचित्र भिंतीकडे तोंड करून ठेवू नका. हवा खेळती हवी, उजेड हवा. धुळीची भीती वाटत असेल तर वर थोड्या उंचीवर पुठ्ठा आडवा राहील अशी सोय करा, चारी बाजू मोकळ्या ठेवून.

आता रंगद्रव्याचं. अंबर ही माती आहे आणि तिच्यात मँगनीज असतं. मँगनीज तेलाला लवकर वाळवतं. कोबाल्टही तेच करतं, म्हणून कोबाल्ट ब्लू लवकर वाळतो. आयव्हरी ब्लॅक, ॲलिझरिन क्रिमझन आणि कॅडमियमचे लाल-पिवळे हे सगळे सावकाश वाळणारे. म्हणजे पडद्यासाठी मी दोन सगळ्यात संथ रंग निवडले आणि वर जादा तेल ओतलं. तो चार-पाच दिवसांत वाळणं शक्यच नव्हतं. पांढऱ्या रंगाची ट्यूब घेतानाही मागचं लेबल वाचा. काही पांढरे रंग करडईच्या किंवा खसखशीच्या तेलात घोटलेले असतात. ते पिवळे कमी पडतात, पण वाळतात जवसाच्या तेलापेक्षा सावकाश.

मला राहून राहून वाटतं, पूर्वीच्या चित्रशाळेत हा प्रश्न कुणाला पडलाच नसता. शिकाऊ मुलगा रंग स्वतः घोटायचा. कुठली पूड किती तेल पिते, कुठला रंग रात्रीत आवळतो, हे हाताला कळायचं. १८४१ मध्ये जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकारानं पिळून रंग काढायच्या धातूच्या ट्यूबचं पेटंट घेतलं आणि तयार रंग ट्यूबमध्ये मिळायला लागले. सोय फार मोठी झाली. पण ट्यूबमधून सगळे रंग एकसारखे लोण्यासारखे बाहेर येतात, त्यामुळे त्यांचा स्वभावही एकसारखाच असेल असं नवशिक्याला वाटतं. मला तरी तसंच वाटलं होतं.

एवढं कळूनही मी थांबले नाही, हे कबूल केलं पाहिजे. तिसरा आठवडा उलटला होता आणि वरवर पाहता पडद्यावर साय धरली होती. मी टर्पेंटाइननं पातळ केलेल्या अंबरचा हात तिच्यावर फिरवला. वरचा थर दोन दिवसांत कडक झाला, खालचा हलत राहिला. बेचाळीसाव्या दिवशी बोट स्वच्छ निघालं तेव्हा पडद्यावर केसासारख्या बारीक भेगा पडलेल्या होत्या. "तेलकट थर कोरड्या थरावर" हा नियम मी वहीत लिहून घेतला होता, पण नियम म्हणूनच. खालच्या थरात तेल कमी, वर चढत जाताना थोडं थोडं जास्त, म्हणजे खालचा थर आधी स्थिर होतो आणि वरचा लवचीक राहतो. मी नेमकं उलटं केलं होतं. पॅलेट नाइफनं पडदा खरवडायचा प्रयत्न केला, पण तो कॅनव्हास वाचला नाही.

मग मी जे केलं त्याचा मला आजही अभिमान आहे. एका पुठ्ठ्यावर जेसोचे, म्हणजे रंगाआधी द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे, दोन हात दिले आणि माझ्याकडच्या बाराही ट्यूबमधला रंग, तेल न घालता, एकेका बोटाच्या रुंदीच्या पट्ट्यात लावला. खाली नाव आणि तारीख. रोज सकाळी पट्टीच्या कडेला बोट टेकवायचं आणि नोंद करायची. बर्न्ट अंबर दुसऱ्या दिवशी वाळला, कोबाल्ट ब्लू तिसऱ्या, यलो ऑकर चौथ्या, अल्ट्रामरीन हा गडद निळा आणि टायटॅनियम व्हाइट सहाव्या दिवशी. कॅडमियम रेडला नऊ दिवस लागले, आयव्हरी ब्लॅकला अकरा आणि ॲलिझरिनला चौदा. हे माझ्या खोलीतले, माझ्या ट्यूबचे आकडे. दमट किंवा थंड हवेत ते लांबतील, दुसऱ्या कंपनीच्या रंगांचे वेगळे येतील. म्हणून माझे आकडे उतरवून घेऊ नका, तुमचा पुठ्ठा तुम्ही करा. एका दुपारचं काम आहे.

हा पुठ्ठा समोर ठेवून तेच चित्र नव्यानं काढलं. या वेळी खालचं सगळं छायाप्रकाशाचं काम ॲक्रिलिकमध्ये, पातळ बर्न्ट अंबरनं, एका बैठकीत उरकलं. ॲक्रिलिकवर तैलरंग चालतो, फक्त खालचा थर पातळ आणि चमक नसलेला असावा. तैलरंगावर ॲक्रिलिक मात्र कधीच लावू नका, ते धरत नाही, सुटून येतं. पडद्यासाठी काळ्या रंगाची ट्यूब उघडलीच नाही. बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन मिसळून जो काळा होतो, तो आयव्हरी ब्लॅकपेक्षा मला जास्त खोल वाटतो आणि वाळतोही लवकर. पाचव्या दिवशी बोट टेकवलं. स्वच्छ! तेव्हा जो सुटकेचा श्वास सोडला, तो अजून आठवतो. ॲलिझरिन शेवटी ग्लेझ म्हणून, म्हणजे खालचा रंग दिसेल असा पारदर्शक थर म्हणून, अगदी पातळ लावला.

अंबरचा भाग वाळल्यावर निस्तेज, राखाडलेला दिसला तर घाबरू नका. खालच्या थरानं तेल ओढून घेतलेलं असतं. कापडानं जवसाचं तेल नाममात्र चोळायचं आणि लगेच पुसून काढायचं, रंग पुन्हा उजळतो. मात्र चित्र हाताला पूर्ण वाळलेलं असतानाच.

आणि ही गोष्ट खरं तर सगळ्यात आधी सांगायला हवी होती. जवसाच्या तेलानं भिजलेल्या चिंध्या चुरगाळून टोपलीत टाकू नका. तेल ऑक्सिजन शोषताना उष्णता बाहेर टाकतं. चिंधीच्या गोळ्यात ती कोंडते आणि बाहेरची ठिणगी नसतानाही चिंध्या पेट घेऊ शकतात. मी त्या घराबाहेर एकेक पसरून वाळवते, नाहीतर पाणी भरलेल्या, झाकणाच्या धातूच्या डब्यात टाकते. टर्पेंटाइन उघडलं की खिडकीही उघडा.

आता प्रश्न वॉर्निशचा, म्हणजे चित्रावर शेवटी द्यायच्या पारदर्शक संरक्षक थराचा, उरला आहे. हाताला वाळलेलं चित्र आतून वाळायला सहा महिने ते वर्ष लागतं, त्याआधी शेवटचं वॉर्निश लावायचं नाही. या वेळी मी कुणाला विचारायला गेले नाही. कॅनव्हासच्या मागच्या लाकडी पट्टीवर पेन्सिलनं शेवटच्या थराची तारीख लिहिली आहे आणि तिच्याखाली दहा महिन्यांनंतरची दुसरी. चित्र खिडकीजवळ, उजेडाकडे तोंड करून उभं आहे. अजून चार महिने आहेत.