नावं वाचून दाखवण्याचा रविवार

आम्ही कॅनडातल्या विनिपेगच्या ज्या भागात राहतो त्या नॉर्थ किल्डोननमध्ये ओळखी वाढत गेल्या तशी फ्रीसन, पेनर, रायमर, डिक, क्लासन हीच आडनावं फिरून फिरून कानावर पडायला लागली. ही मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाची मंडळी १९२८ पासून इथे वसलेली. मेनोनाइट म्हटल्यावर घोडागाडी आणि काळी टोपी डोळ्यांसमोर आली असेल तर ते चित्र पुसा. तसे राहणारेही आहेत, पण माझे शेजारी ऑफिसला जातात, बर्फ उपसतात आणि इथला हॉकी संघ, जेट्स, हरला की दोन दिवस गप्प असतात.

नोव्हेंबरच्या शेवटाकडे, ॲडव्हेंट, म्हणजे नाताळाआधीचा तयारीचा काळ, सुरू होण्याच्या आधीच्या रविवारी, त्यांच्यातल्या बऱ्याच चर्चमध्ये वर्षभरात गेलेल्या सभासदांची आठवण करतात. इथे त्याला ‘इटर्निटी संडे’ म्हणतात. प्रथा मूळची त्यांची नाहीच. प्रशियाच्या राजाने, तिसऱ्या फ्रेडरिक विल्यमने, १८१६ मध्ये आपल्या राज्यातल्या प्रोटेस्टंट चर्चसाठी असा दिवस ठरवला आणि पुढे मेनोनाइटांतल्या काही मंडळ्यांनी तो आपलासा केला. शेजारच्या आजींना गाडीतून नेण्या-आणण्याच्या निमित्ताने मी जायला लागले आणि आता माझी मीच जाते.

सोहळा म्हणावं असं त्यात काही नाही. एकेक नाव वाचतात, घरचं कुणीतरी उठून मेणबत्ती लावतं. मृतांसाठी प्रार्थना नाही, हे मला सुरुवातीला फार विचित्र वाटलं. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे गेलेला माणूस देवाकडे पोचला, त्याला आपण इथून काही पोचवायची गरज नाही. आठवण आहे ती मागे राहिलेल्यांसाठी. मग गाणं. वाद्याशिवाय, चार स्वरपट्ट्यांत, सगळी मंडळी एकदम. एक स्तुतिगीत १९६९ च्या त्यांच्या गीतसंग्रहात ६०६ क्रमांकावर होतं. नंतरच्या पुस्तकात क्रमांक बदलला, पण लोक त्याला अजून नुसतं ‘६०६’ म्हणतात आणि पुस्तक न उघडता गातात.

मला खरं गुंतवलं ते जीवनवृत्तांनी. माणूस गेल्यावर अंत्यविधीत त्याच्या आयुष्याची हकिगत वाचतात, बहुधा मुलगा किंवा मुलगीच. जन्म कुठल्या गावात, आईवडील कोण, लग्न केव्हा, हे आलंच. शिवाय एक तारीख हमखास असते, बाप्तिस्म्याची. कारण त्यांच्यात तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत. कळत्या वयात माणसाने स्वतः उभं राहून ‘माझा विश्वास आहे’ असं म्हणायचं. याच एका हट्टापायी १५२५ मध्ये झुरिचमध्ये हा पंथ सुरू झाला आणि याचसाठी १५२७ च्या जानेवारीत फेलिक्स मान्झला तिथल्या लिमाट नदीत बुडवून मारलं. मेनो सायमन्स, ज्यांच्यावरून नाव पडलं, ते डच पाद्री. ते नंतर, १५३६ मध्ये, जुनं चर्च सोडून या लोकांत आले. आजींच्या दिवाणखान्यात एका जुन्या डच कोरीव चित्राची प्रत लावलेली आहे. याच श्रद्धेपायी कैदेत पडून निसटलेला, गोठलेल्या पाण्यावरून पळणारा डर्क विलेम्स मागे वळून, बर्फ फुटून बुडणाऱ्या आपल्याच पाठलाग करणाऱ्याला हात देतो आहे. त्यानंतर डर्कला पकडून जाळलं, साल १५६९. नातवंडं त्या चित्राखाली बसून व्हिडिओ गेम खेळतात.

आपल्याकडची ‘दुःखद निधन’ची पानं आठवून बघा. मनमिळाऊ, परोपकारी, अजातशत्रू. चौकाचौकातल्या फ्लेक्सवर तर विशेषणांचा पाऊसच. मेनोनाइट जीवनवृत्तात विशेषणं जवळजवळ नसतातच, क्रियापदं असतात. गोधड्या शिवल्या. रविवारच्या शाळेत शिकवलं. अठ्ठावीस वर्षं चर्चच्या स्वयंपाकघरात पाव भाजले. श्रद्धा होती की नाही ते तुम्हीच यावरून ओळखा, असा एकूण सूर. मला माझ्या आजोबांची तिथी पाठ आहे, पितृपक्षात गुरुजींनी विचारलं की तीन पिढ्यांची नावंही घडाघडा सांगता येतात. पण आजोबा दिवसभर काय करायचे, कशावर त्यांचा विश्वास होता, ते मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

या हकिगतींत देश फार बदलतात. आजींचा जन्म युक्रेनमधल्या मोलोच्ना वसाहतीतला. लष्करात न जाण्याची मुभा मिळेल या वचनावर रशियाच्या कॅथरीन राणीच्या काळात, १७८९ पासून, हे लोक तिकडे गेले. ती मुभा जाणार असं दिसल्यावर १८७४ पासून सुमारे ७,००० जण मॅनिटोबात, म्हणजे विनिपेगच्या या प्रांतात, आले. क्रांती, लुटालूट आणि दुष्काळ सोसून १९२३ ते १९३० मध्ये आणखी २०,००० कॅनडात आले. मागे राहिलेल्यांपैकी आजींचे वडील १९३७ मध्ये, स्टालिनच्या दडपशाहीत, रात्री घरातून नेले गेले. त्या वर्षी अनेक घरांतले पुरुष असेच गेले. १९४३ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याबरोबर सुमारे ३५,००० मेनोनाइट पश्चिमेकडे निघाले, बहुतेक बायका-मुलं. त्यातले बरेचसे पुन्हा सोव्हिएत हद्दीत धाडले गेले. आजी वाचल्या.

अशाच एका वाचनात अचानक ‘चांपा’ ऐकलं आणि मी ताठ बसले. आताच्या छत्तीसगडमधलं चांपा, तिथल्या कुष्ठरोग्यांच्या इस्पितळात ती बाई नर्स होती. १८९६-९७ च्या दुष्काळातल्या मदतीच्या पाठोपाठ, १८९९ मध्ये, अमेरिकन मेनोनाइट मिशनरी धमतरीला आले. तेव्हा तो सगळा मुलूख मध्य प्रांतात आणि कारभार नागपुरातून. चर्चमध्ये तेव्हा हे गाव नकाशावर नेमकं दाखवू शकणारी बहुधा मी एकटीच होते.

अंत्यविधीनंतर सगळे तळघरातल्या हॉलमध्ये उतरतात. मनुके घातलेले पाव, चीज, लोणची, साखरेचे खडे आणि कॉफी. सुतकाचा स्वयंपाक म्हणून कमी-जास्त काही नाही, दर वेळी हेच. खाणं आटोपत आलं की माइक मोकळा. ज्याला जे आठवेल ते त्याने सांगावं. वर वाचलेल्या हकिगतीत जे राहिलेलं असतं ते इथे बाहेर येतं, कधी हसू, कधी अवघड शांतता.

राहिलेलं पुष्कळ असतं, हे मला हळूहळू कळलं. मॅनिटोबातली जी जमीन ‘ओसाड होती, आम्ही कसली’ असं वाचलं जातं ती अनिशिनाबे आणि मेटी या इथल्या मूळच्या लोकांची होती, सरकारबरोबरच्या १८७१ च्या जमीन-कराराची शाई नुकती वाळलेली. १९४१ मध्ये युक्रेनच्या अनेक मेनोनाइट गावांनी जर्मन सैन्याचं सुटका म्हणून स्वागत केलं. त्यानंतरच्या ज्यूंच्या हत्यांत काहींचा हात होता, हे आता त्यांच्याच इतिहासकारांनी मांडलं आहे. शस्त्र न धरणाऱ्यांच्या कहाणीत हे बसवायचं कसं, यावर चर्चच्या पार्किंगमध्ये उणे वीसमध्येही वाद झडतात.

आजींनी स्वतःचं जीवनवृत्त आधीच लिहून ठेवलंय, तीन पानं, टाइप केलेली. इथे बरेच जण असं करतात. त्यांच्या मुलीचं म्हणणं, ‘भाऊ युद्धात गेला’ एवढंच का, कुठल्या सैन्याच्या वर्दीत गेला तेही लिही. गेल्या महिन्यात चहा प्यायला गेले तेव्हा दोघींचं त्यावरून चाललंच होतं. शेवटी आजी मला म्हणाल्या, “मी नाही लिहिलं तरी कॉफीनंतर माइकवर ही सांगणारच आहे, मग मी कशाला टाइप करू?”